करंजाखालची जागा

माझ्या तोंडावर कोड आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुम्हाला मध्येच कळून अवघडायला नको. डाव्या डोळ्याभोवती आहे, ओठांच्या कडांना आहे, हनुवटीवर आहे आणि दोन्ही हातांना मनगटापर्यंत आहे. बाकी मी चांगली सावळी, त्यामुळे पांढरं लांबूनच उठून दिसतं. अठ्ठाविसाव्या वर्षी पहिला डाग आला, आज मी सेहेचाळीसची आहे. रडून झालं, काढे पिऊन झाले, सासरच्यांचं बोलून झालं. पुढे नवरा गेला, सासरचे लांब झाले आणि कोड राहिलं. आता माझं आणि त्याचं बरं चाललं आहे.

बरं चालत नाही ते उन्हाशी. लोकांना वाटतं, कोड म्हणजे दिसण्याचा प्रश्न. सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "कोडानं तुम्हाला काही होणार नाही. ऊन मात्र सोडणार नाही. इतर कातडी उन्हानं काळवंडते, म्हणजे स्वतःला वाचवते. या डागांना तेवढंही जमत नाही, ते सरळ भाजतात." मग त्यांनी कागदावर लिहून दिलं: पूर्ण बाह्या, तोंडाला कापड, सनस्क्रीन आणि दहा ते चार सावली. सावलीखाली दोन रेघा ओढल्या.

मी म्हटलं, "मॅडम, मी वॉचमन आहे."

"मग सावलीतल्या वॉचमन व्हा," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दोन वर्षं मी तशी होतेही. माझी ड्यूटी कर्वेनगरातल्या एका सोसायटीत. सोसायटीचं नाव सांगत नाही, सांगितलं तर ते लोक वर्तमानपत्राकडे खुलासा पाठवतील. तीन इमारती, बेचाळीस फ्लॅट, एवढं पुरे. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून मी सकाळी आठला पोचते आणि संध्याकाळी आठला सुटते. मी मागच्या गेटवर असायचे, तिथे इमारतीची सावली दिवसभर हलायची नाही. या मार्चअखेर मागे ड्रेनेजचं काम निघालं, ते गेट बंद झालं आणि मला पुढच्या गेटवर आणलं.

पुढचं गेट दक्षिणेला. समोर रुंद रस्ता, डोक्यावर उघडं आभाळ आणि वॉचमनसाठी पत्र्याची केबिन. त्या केबिनमध्ये अकरानंतर माणसानं बसण्यापेक्षा पापड वाळत घातलेले बरे.

सावली तिथे नव्हती असं नाही. गेटच्या आत डाव्या हाताला एक मोठा करंज आहे. एप्रिलमध्ये तो नव्या पानांनी असा भरतो की खाली उभं राहिलं तर घटकाभर उन्हाळा आहे हेच विसरायला होतं. पण त्या सावलीत उभी असायची एक गाडी. जमिनीवर पिवळ्या रंगात ठसठशीत लिहिलेलं आहे, 'फक्त पाहुण्यांसाठी'. आणि गाडी सोसायटीचे चेअरमन रावसाहेब शितोळे यांची.

शितोळेसाहेबांना इमारतीखाली स्वतःची जागा आहे, छताखालची. त्या जागेत त्यांनी एक जुना सोफा, रिकामी पाण्याची टाकी आणि नातवाची तीनचाकी ठेवली आहे. नवी लाल गाडी मात्र करंजाखाली, कारण तिथे ती गॅलरीतून दिसते. सावलीत असूनही तिच्यावर चंदेरी कव्हर घालायचे, वर करंजाची फुलं पडतात म्हणून. रोज साडेदहाला साहेब कव्हर काढून घडी घालायचे, पत्ते खेळायला जायचे आणि साडेबाराला परत येऊन गाडीला पुन्हा पांघरूण घालायचे. मैत्री लहान असताना मीही तिला इतकं जपून निजवलं नसेल.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "साहेब, गाडी जरा पुढे घेतलीत तर माझी खुर्ची सावलीत बसेल."

"नंदाबाई, नवीन गाडी आहे. उन्हात पेंट जातो."

मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "साहेब, इकडे बघा."

ते टेबलावरच्या रजिस्टरकडे बघत म्हणाले, "केबिनला हिरवं कापड लावायचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ." पुढची मीटिंग जुलैत होती.

मग मी माझा बंदोबस्त केला. एजन्सीच्या शर्टाच्या बाह्या अर्ध्या होत्या, आतून पूर्ण बाह्यांचा सुती टॉप घातला. हातमोजे घातले. माझी मुलगी मैत्री नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने सनस्क्रीन आणून दिलं आणि ते कसं लावायचं याची शिकवणीच घेतली. "आई, एवढंसं बोट लावून काही होत नाही. दोन बोटं भरून घ्यायचं, कान आणि मान सोडायची नाही. आणि घामानं जातं, दर दोन तासांनी परत. आळस केलास तर मी गेटवर येऊन लावीन, सगळ्यांसमोर." आणि या सगळ्यावर स्कार्फ, पुण्याच्या पद्धतीचा. कपाळावरून घेऊन नाकावरून फिरवायचा आणि मागे घट्ट गाठ. नुसते डोळे उघडे. या शहरात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी एप्रिल-मेमध्ये अशीच फिरते, तिला कुणी थांबवत नाही.

मला चौथ्या दिवशी थांबवलं.

"नंदाबाई, आपण जरा स्कार्फ काढून बसाल का?" शितोळेसाहेब म्हणाले. ते 'आपण' म्हणायला लागले की समोरच्यानं सावध व्हावं. "गेटवरच्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. सीसीटीव्हीत ओळख पटायला हवी."

"साहेब, सोसायटीतल्या तीस-एक बायका-मुली रोज गेटातून जातात. कॅमेऱ्यात मला एकीचाही चेहरा सापडत नाही."

"त्या रहिवासी आहेत."

"मग ऊन फक्त रहिवाशांनाच लागतं का?"

त्याच संध्याकाळी एजन्सीच्या सुपरवायझरचा, सर्जेरावचा, फोन आला. सर्जेराव मुळशीकडचा, स्वभावानं गरीब, पण साईटचं कंत्राट जाण्याची भीती त्याच्या पोटात कायम. "ताई, कशाला त्या म्हाताऱ्याच्या तोंडाला लागता? दिसू द्या की तोंड. तुमचंच तोंड हाय, चोरीचं न्हाय." मी त्याला कोडाचं सांगितलं. "मला ठाव हाय ओ," तो म्हणाला, "पर मी काय करू?" मी स्कार्फ सोडला नाही. दोन आठवडे हे असंच रेटलं.

याच सुमाराला दीपमाला मॅडम मध्ये पडल्या. दुसऱ्या मजल्यावर राहतात, कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना आत्मविश्वास शिकवतात. बाई वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. रोज दुपारी मला ताक आणून द्यायच्या. त्या दिवशी ताकाचा ग्लास देऊन त्या माझ्यासमोर उन्हातच उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नंदाताई, तुम्ही का लपता?"

मला कळेना. "मी कुठे लपले? गेटवरच तर असते."

"हे," त्यांनी स्वतःच्या तोंडाभोवती हात फिरवला. "तुम्ही जशा आहात तशा सुंदर आहात. यू शुड ओन इट."

"मॅडम, मी उन्हासाठी बांधते. डाग भाजतात."

त्या हसल्या. समजूतदार माणूस खोटं ऐकून घेताना हसतो तसं. त्यांना वाटलं, ऊन हे माझं निमित्त आहे. पुढे तासभर माझ्या डोक्यात तेच हसू फिरत राहिलं. मी खरं बोलले होते आणि तरी मला चोरी पकडल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवसांनी त्या बेत घेऊन आल्या. एक मेला सोसायटीत झेंडावंदन असतं, त्याला जोडून माझा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि मी दोन शब्द बोलायचे. "फक्त त्या दिवशी स्कार्फ नको हं. तोच तर मेसेज आहे."

मी विचारलं, "त्या दोन शब्दांत मी सावलीचं मागितलं तर चालेल?"

"अहो, चालेल काय! सगळ्यांसमोर बोला. शितोळेकाका नाही म्हणूच शकणार नाहीत."

मला ते पटलं. बेचाळीस घरांसमोर मागितलेली सावली कोण नाकारणार? मी हो म्हटलं. घरी मैत्रीला सत्काराचं सांगितलं, स्कार्फचं सांगितलं नाही. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

कार्यक्रम सकाळी साडेआठचा होता. मी हिशेब केला होता, नऊ-सव्वानऊला आटपेल, तोवर ऊन कोवळं. मांडव घातला होता, पण तो स्टेजपुरता. पहिल्या रांगेत, उघड्यावर, सत्कारमूर्तींची खुर्ची होती. प्रमुख पाहुणे दहा वाजता आले. ते आल्यावर मुलांचे तीन नाच झाले, मग चेअरमनसाहेबांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा इतिहास सांगितला. मी तोंड उघडं टाकून बसले होते. साडेनऊपर्यंत सकाळचं सनस्क्रीन घामानं गेलं आणि डोळ्याखाली चुरचुरायला लागलं. दहाला ओठ ओढल्यासारखे झाले. पर्समध्ये स्कार्फ होता, हात आत घातला की हाताला लागत होता.

मी तो एकदा बाहेर काढलाही. तेवढ्यात स्टेजजवळून दीपमाला मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून, आणि हाताची मूठ करून छातीशी धरली. आजूबाजूच्या चार बायकांनीही वळून बघितलं. त्या क्षणी मी स्कार्फ बांधला असता तर त्या सगळ्यांना एकच कळलं असतं, की बाई शेवटी लाजलीच. अठरा वर्षांत मला जे कधी वाटलं नाही ते मला वाटत नाही, हे दाखवायला मी स्कार्फ परत आत टाकला. मला आजही त्याचा राग येतो, आणि तो दीपमाला मॅडमचा कमी, माझाच जास्त येतो.

पावणेबाराला माझं नाव पुकारलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या. माइक मिळाला नाही. पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं म्हणून 'दोन शब्द' गाळले. फोटो मात्र अकरा काढले, सूर्य माझ्या तोंडावर घेऊन, कारण सावलीत फोटो काळे येतात म्हणे. शितोळेसाहेबांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "बघा, किती छान दिसता. आता रोज असंच." मागे करंजाखाली त्यांची गाडी चंदेरी पांघरूण घेऊन निजली होती.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत डावा डोळा अर्धा मिटला होता. ओठ सुजले होते. डोळ्याखालच्या पांढऱ्या भागावर पाण्याचे फोड आले होते, गरम तव्याला हात लागल्यावर येतात तसे. मैत्रीनं दार उघडलं, दोन क्षण बघितलं आणि गार पाण्याचं फडकं केलं. फोड तिने फोडले नाहीत, नुसतं फडकं बदलत राहिली. मग म्हणाली, "स्कार्फ कुठे होता?"

"पर्समध्ये."

"आई, तुला कुणाला काय प्रूव्ह करायचं होतं?"

मी म्हटलं, "मला लाज वाटत नाही, हे."

"मग लाज वाटली म्हणूनच ना काढलास?" ती म्हणाली. "लाजेची लाज वाटली. हॉस्पिटलमध्ये आम्ही मास्क लावतो, ग्लोव्हज घालतो. कुणी विचारत नाही की तुम्ही काय लपवताय." आणि ती रडायला लागली. तिच्या रडण्यानं मला जे झालं ते फोडांनी झालं नव्हतं. एकुलती एक पोर, तिचे वडील वारले तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सुट्टी घे म्हणून ती हटून बसली. मी म्हटलं, सुट्टी घेऊन काय होणार, ऊन तिथेच आहे, मे अख्खा पडला आहे. मला सुट्टी नको होती, मला ती जागा हवी होती.

दोन तारखेला मी आठच्या ठोक्याला गेटवर होते. तोंडाला मलम आणि वर मऊ सुती कापड, सैल. साडेदहाला शितोळेसाहेबांनी कव्हर काढून घडी घातली आणि गाडी बाहेर काढली. जाता जाता काच खाली करून म्हणाले, "नंदाबाई, काल ठरलं होतं ना? स्कार्फ?"

"साहेब, काल तोंड भाजलं."

"क्रीम वगैरे लावा काहीतरी," असं म्हणून ते गेले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी उठले. आधी खुर्ची नेली, मग टेबल ओढत नेलं, मग रजिस्टर आणि पाण्याची बाटली. करंजाखाली 'फक्त पाहुण्यांसाठी' या अक्षरांवर टेबल मांडलं. तिथून गेट चांगलं दिसत होतं, केबिनमधून दिसायचं त्याहून चांगलं. मी बसले आणि कापड सोडलं. सावलीतला वारा फोडांना लागला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही.

साडेबाराला हॉर्न वाजला. लाल गाडी गेटातून आत येऊन माझ्या टेबलापासून दोन हातांवर थांबली. पुन्हा हॉर्न. मी उठून गाडीजवळ गेले नाही, बसूनच विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

काच खाली आली. "हे काय चाललंय?"

"ही पाहुण्यांची जागा आहे, साहेब. इथे गाडी लावायची तर रजिस्टरमध्ये नोंद लागते. तुमचाच नियम आहे, आपल्या सहीनं केबिनमध्ये लावलाय." मी रजिस्टर उघडून त्यांच्याकडे फिरवलं. "नाव, गाडी नंबर, कुणाकडे आलात, किती वेळ थांबणार. पाहुण्यांना चार तासांच्या वर परवानगी नाही."

"मी चेअरमन आहे."

"मग पाहुणे नाही. मग आपली जागा खाली आहे, छताखाली."

ते गाडीतून उतरले. रागानं मान लाल झाली होती. "उठा तिथून. टेबल उचला."

"नाही उठणार."

हा शब्द मी इतक्या सहज बोलले की माझंच मला नवल वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी 'बघते', 'विचारते', 'सांगते' असंच बोलत आले. नाही म्हणायला एवढं सोपं असतं हे कुणी आधी सांगितलं नाही.

"नंदाबाई, नोकरी करायची आहे ना?"

"त्यासाठीच बसलेय. उन्हात बसून महिन्याभरात माझा डोळा जाईल, मग कुठली नोकरी? तुम्हाला माझा चेहरा बघायचा होता ना साहेब? हा घ्या." मी मान वर केली. डोळा सुजलेला, खाली फोड, ओठ फाटलेले. "रोज बघा, आठ ते आठ, कॅमेऱ्यातही बघा. पण सावलीत. सावलीत मी तोंडाला दोरासुद्धा लावणार नाही. उन्हात तुम्हाला माझं नखही दिसणार नाही. काय हवं ते ठरवा."

तोवर त्यांच्या गाडीमागे दोन स्कूटी आणि एक दुधाचा टेम्पो अडकला होता. टेम्पोवाला हॉर्न देत होता. पहिल्या स्कूटीवरच्या आजोबांनी हेल्मेट काढून शांतपणे विचारलं, "शितोळे, आपला सत्याग्रह किती वेळ चालणार? माझं श्रीखंड आंबतंय."

"हिला सांगा, मला काय सांगता!"

"तिची गाडी कुठे आहे वाटेत? तुमची आहे."

दीपमाला मॅडम ताकाचा ग्लास घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या. ताक त्यांच्या हातावर सांडलं. "हे... हे कालचं?"

"हो. मी सांगितलं होतं, डाग भाजतात. तुम्हाला खोटं वाटलं."

माणसाला आत्मविश्वास शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा एवढासा झाला. मला त्यांची दया आली, पण मी ती दाखवली नाही. त्या दिवशी दाखवायला माझ्याकडे वेगळं काही होतं. शेवटी त्या शितोळेसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "काका, गाडी खाली घ्या. प्लीज."

"खाली सोफा आहे," शितोळेसाहेब म्हणाले. या एवढ्या भांडणात एवढं एकच वाक्य त्यांनी पडेल आवाजात म्हटलं. मग गाडीत बसले, खाड्कन दार लावलं आणि गाडी आत घेऊन दुसऱ्या इमारतीच्या कडेला भर उन्हात लावली. कव्हर घालून वर गेले. पाच मिनिटांत ते गॅलरीत फोन कानाला लावून उभे होते.

सर्जेराव चार वाजता आला, घामानं निथळत. हातात एजन्सीचं छापील पत्र होतं. "ताई, काय केलंत हे? साहेब म्हणतात, आजच्या आज बाई बदला. उद्यापासून तुमची बदली खडकीच्या गोडाऊनवर." त्याने पत्र टेबलावर ठेवलं. कारणाची जागा कोरी होती.

माझे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. साहेब तोंडी ओरडला की ते म्हणायचे, लिहून द्या. बाबासाहेबांनी आपल्याला लिहायला-वाचायला लावलं ते कशासाठी, असं घरी येऊन आम्हाला सांगायचे. मी सर्जेरावला पेन दिलं. "कारण लिहा."

"काय लिहू?"

"खरं ते. कोड असलेली बाई मे महिन्यात सावलीत बसली म्हणून काढली. लिहा, मी लगेच सही करते. एक प्रत मला द्या, एक मी डॉक्टरांच्या कागदाला लावून लेबर ऑफिसला देते."

सर्जेराव पेन धरून उभा राहिला. वर गॅलरीत बघितलं, पत्राकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं बहुतेक. "आयला, ताई," तो हळूच म्हणाला, "लईच भाजलंय की ओ." मग टोपी काढून करंजाच्या बुंध्याला टेकला आणि माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायला. "हितं गार हाय."

"हो ना."

"असलं कसं लिहू मी? उद्या माझ्यावरच यायचं." त्याने पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवलं. "साहेबाला काय सांगू पण?"

"सांगा, उद्या आठला मी इथेच खुर्ची टाकणार. आठच्या आधी गाडी येऊन बसली, तर उद्यापासून गेटवर गाडीलाच ड्यूटी लावा. रजिस्टरही तीच भरेल."

सर्जेराव हसला आणि वर बघून पटकन गप्प झाला. मग जिना चढून वर गेला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. खाली आला तेव्हा नुसतं "येतो" म्हटलं आणि मोटरसायकलला किक मारली. आठ वाजेपर्यंत मी बसून राहिले. घरी मैत्रीनं विचारलं, "मग? आहे का नोकरी?" मी म्हटलं, उद्या आठला कळेल. खडकीचं गोडाऊन मला माहीत होतं, तिथे पत्र्याशिवाय काही नाही.

तीन तारखेला मी बसमधून उतरून गेटापर्यंत चालत आले ती खाली मान घालून. बघायचं धाडस होत नव्हतं. रात्रपाळीच्या भैरूनं मला बघून गेट उघडलं आणि करंजाकडे हात केला. खाली गाडी नव्हती. इमारतीखाली जाऊन बघितलं तर सोफा उभा करून भिंतीला लावला होता, टाकी बाहेर काढली होती आणि त्या जागेत कशीबशी लाल गाडी घुसवली होती. शितोळेसाहेब वर गॅलरीत चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही नमस्कार केला नाही.

करंजाखाली फुलांचा सडा पडला होता. मी तो झाडला नाही. टेबल आणलं, खुर्ची आणली, तोंडावरचं कापड सोडून पर्समध्ये टाकलं. कडेला बसले असते तरी सावली पुरली असती. मी मधोमध बसले.